रद्द केलात, ठीक. पुसता कशाला?

टेंभी नाक्याच्या देवीच्या जत्रेत बाबांनी मला ब्रिक गेम घेऊन दिला, तेव्हा मी दुसरीत होतो. नवरात्रात आमच्या घराच्या खालीच सगळा पसारा असायचा: पाळणे, फुगे, भेळ, आणि प्लास्टिकच्या खेळण्यांचे ढीग. खोक्यावर लिहिलं होतं '९९९९ इन १'. खरे खेळ जेमतेम पाच-सहा. बाकी तेच, वेग बदललेले. पण मला कितीतरी दिवस वाटायचं की उरलेले नऊ हजार खेळ आत कुठेतरी आहेत, आपल्यालाच बटणांचा क्रम सापडत नाहीये.

बनवलेले असूनही कुणाला खेळता न येणारे खेळ खरोखरच असतात, हे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कळलं. परीक्षेच्या आदल्या रात्री माणूस काय काय वाचतो! मी हातातल्या कन्सोलसाठी बनलेल्या आणि बाजारात येण्याआधीच रद्द झालेल्या गेमच्या याद्या वाचत बसलो होतो. गेम बॉय, गेम बॉय अॅडव्हान्स, पीएसपी, व्हिटा. प्रत्येकाची अशी यादी आहे आणि ती लांबलचक आहे.

त्यातला एक सांगतो. 'रेसिडेंट ईव्हिल' हा १९९६चा प्लेस्टेशनवरचा गाजलेला भयगेम. हॉटजेन नावाच्या ब्रिटिश कंपनीनं तो गेम बॉय कलरवर आणायला घेतला. गेम बॉय कलर म्हणजे आठ बिटांचा प्रोसेसर आणि १६० बाय १४४ पिक्सेलचा पडदा. तुमच्या फोनवरचं एखाद्या अॅपचं चिन्हसुद्धा याहून जास्त पिक्सेलमध्ये काढलेलं असतं. एवढ्याशा जागेत त्यांनी त्या वाड्याच्या खोल्या बसवल्या. कॅमेऱ्यापासून लांब गेलेलं पात्र लहान दिसावं म्हणून एकाच पात्राची वेगवेगळ्या मापांची चित्रं ठेवली, कारण ते मोठं-लहान करून दाखवायची ताकद त्या यंत्रात नव्हती. मार्च २००० मध्ये गेम रद्द झाला. कारण दिलं, दर्जा.

पुढची बारा वर्षं तो कुणालाच दिसला नाही. मग एका अनामिक माणसानं सांगितलं की त्याची चाचणीची कार्ट्रिज माझ्याकडे आहे, दोन हजार डॉलर जमवा, मग फाइल देतो. चाहत्यांनी वर्गणी काढली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये अर्धवट गेम बाहेर आला. म्हणजे ज्या माणसांनी तो बनवला त्यांचं काम जगाला दिसायला खंडणीसारखी रक्कम मोजावी लागली, आणि ती गेली भलत्याच माणसाच्या खिशात.

या किश्शावर बहुतेक जण त्या अनामिकाला शिव्या देतात. माझा राग त्याच्यावर कमी आहे. त्यानं निदान कार्ट्रिज सांभाळली. ज्या व्यवस्थेत असलं काम टिकायला एका लोभी माणसाची गरज पडते, तिच्यावर माझा राग आहे.

आता याच्या उलटं उदाहरण. 'सेंट्स रो' या मालिकेतला 'अंडरकव्हर' नावाचा गेम पीएसपीसाठी बनत होता, तो २००९च्या सुमारास रद्द झाला. मूळ मालिका बनवणाऱ्या व्हॉलिशन या स्टुडिओच्या हाती त्याची प्रत लागली, तेव्हा त्यांनी वकिलांच्या मागे लपण्याऐवजी जानेवारी २०१६ मध्ये ती सरळ खुली केली. या, बघा, काय होतं ते. कुणाचं काही बिघडलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये व्हॉलिशनच बंद झाली. सात वर्षांपूर्वी त्यांना ती बुद्धी सुचली नसती, तर आज ती प्रत कुणाकडे मागायची? कुलूप लागलेल्या ऑफिसच्या सिक्युरिटी गार्डकडे?

आणि वेफॉरवर्डचा 'शांते अॅडव्हान्स'. २००४च्या सुमारास प्रकाशक मिळेना म्हणून गेम बॉय अॅडव्हान्सवरचा हा खेळ अर्ध्यावर राहिला. पण फाइली बनवणाऱ्यांच्या घरातच राहिल्या होत्या. त्यामुळे वीस वर्षांनी, २०२५ मध्ये, तो पूर्ण होऊन त्याच जुन्या यंत्राच्या कार्ट्रिजवर बाहेर पडला. तीन गेम आणि तीन नशिबं. फरक एवढाच की फाइल शेवटी कुणाच्या हातात राहिली.

सगळंच रडण्यासारखं नसतं, हेही मान्य. 'बायोशॉक'चा व्हिटासाठीचा गेम २०११ मध्ये मंचावरून जाहीर झाला आणि बनलाच नाही. न बनलेल्याचं मला दुःख नाही. माझं भांडण बनलेल्या गोष्टींबद्दल आहे.

हे सगळं लांबचं वाटत असेल, तर आपल्याकडे या. पीएसपीवर आपल्या मातीतले गेम आले होते. २००९ मध्ये 'देसी अड्डा' आला, त्यात कबड्डी होती, विटीदांडू होता, पतंग होते. पाठोपाठ मुंबईच्या ट्राईन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' आला. हे रद्द झालेले नव्हेत, रीतसर विकले गेलेले. आज मागून बघा कुठे मिळतात का. सोनीनं जुलै २०२१ मध्ये पीएसपीचं ऑनलाइन दुकान बंद केलं. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये हिशोब मांडला: २०१० पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. विकलेल्यांची ही गत, तर रद्द झालेल्यांना कोण विचारतो?

मी गेम कंपनीत नाही. पण रद्द होणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही सहा जण चौदा महिने एका गोष्टीवर राबलो. शाळकरी पोरांसाठीचं टॅबलेटवरचं गणिताचं अॅप, आत छोटे छोटे खेळ. अपूर्णांकाचा एक खेळ मी लिहिला होता, त्यात कोकम सरबताचे ग्लास भरायचे असायचे. माझ्या भाचीनं तो चाचणीत खेळला आणि "मामा, अजून एक ग्लास" म्हणाली. मग एका सोमवारी दुपारी मेल आला की प्रकल्प थांबवण्यात येत आहे. संध्याकाळी सहापर्यंत आमचा कोडवरचा अॅक्सेस गेला. दोन महिन्यांनी सर्व्हरचं बिल वाचवायला सगळंच उडवल्याचं कळलं. पुढच्या मुलाखतीत विचारलं, "दाखवा काय केलंत." काय दाखवणार? मी हातांनी हवेत ग्लास काढून दाखवले.

कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण आपल्या पिढीतल्या बहुतेकांनी ऑफर लेटर न वाचता सही केलेली असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृती धरतात. हो, आपण साहित्यिक आहोत, आईला सांगा. पण नोकरीत लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक कलम १७ प्रमाणे मालकच, वेगळा करार नसेल तर. त्याच कायद्यात कलम ५७ आहे, ते म्हणतं की हक्क विकले तरी कृती आणि कर्ता यांचं नातं तुटत नाही. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं प्रचंड भित्तिशिल्प सरकारनं १९७९ मध्ये उखडून गोदामात टाकलं होतं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्याचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि वर पाच लाखांची भरपाई. भिंत सरकारची होती, शिल्पही सरकारनंच करून घेतलेलं होतं. तरी ते वाटेल तसं मोडायची मुभा सरकारला नाही, असं न्यायालय म्हणालं. कोडच्या बाबतीत हे कुणी म्हणायचं?

आता आक्षेप. पहिला: रद्द झाला म्हणजे टुकारच असणार. असू दे. मी यशस्वी कोड वाचून जेवढं शिकलो त्याहून जास्त फसलेला वाचून शिकलो. दुसरा: त्यात इतरांचं विकत घेतलेलं इंजिन असतं, संगीत असतं, परवाने असतात. खरं आहे. म्हणून उद्याच सगळं इंटरनेटवर ओता असं मी म्हणत नाही. एक प्रत जमा करा, कुलपात ठेवा, ठरलेल्या मुदतीनंतर उघडा. फ्रान्समध्ये १९९२ पासून व्हिडिओ गेमची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करावी लागते. आपल्याकडे पुस्तकांसाठी १९५४ पासून असा कायदा आहे, प्रत्येक प्रकाशकानं ठरलेल्या चार ग्रंथालयांना प्रत द्यायची. सॉफ्टवेअरला तो लावा आणि त्यात रद्द झालेलंही धरा. अनुदानावर किंवा करसवलतीवर चालणाऱ्या कंपन्यांपासून सुरुवात करा, त्यांना नाही म्हणायला तोंड नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला झोपू देत नाही. लेखकाला आपला कच्चा खर्डा फाडायचा हक्क असतो की नाही? असतो. हॉटजेनच्या एखाद्या प्रोग्रॅमरला आपली ती अर्धवट वाड्याची खोली जगानं बघू नये असं वाटत असेल, तर? तर त्याला विचारा. मला नेमकं तेच हवं आहे. आज फाडणारा हात लिहिणाऱ्याचा नसतोच. तो खर्चाचा तक्ता बघणाऱ्याचा असतो, आणि त्यानं तो खेळ एकदाही खेळलेला नसतो.

फाडायला, बुडवायला लावणारे आपल्याला नवे नाहीत. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या त्या त्यांच्या हौसेनं नाही. त्या तरल्या अशी श्रद्धा आहे, तिच्याशी मला वाद घालायचा नाही. पण आमच्या धंद्यातला माणूस दुसरंही एक नाव घेईल: चाकणचे संताजी तेली जगनाडे. ते अभंग लिहून ठेवत. बॅकअप त्यांच्याकडे होता. आणि त्या संताजींच्या वह्यांवरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाथा छापणारे वि. ल. भावे होते ठाण्याचे. त्यांनीच १८९३ मध्ये सोबत्यांना घेऊन इथलं मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं, टेंभी नाक्यावरून चालत जाण्याच्या अंतरावर. मराठीत छापलेलं सगळं एका छपराखाली आणायचं, ही त्यांची जिद्द. त्यात टुकार पुस्तकंही आली असणारच. भाव्यांनी आधी दर्जा तपासणारी कमिटी नेमली असती, तर कपाटं रिकामी राहिली असती.

गेल्या महिन्यात मी डोंबिवलीला गेलो होतो, आमच्या त्या अॅपची चित्रं काढणाऱ्या ताईकडे. तिच्याकडे एक वही निघाली. कॉम्प्युटरवर काढण्याआधी ती सगळं पेन्सिलनं काढायची. बावीस पानं. कोकमाचे ग्लास होते, अर्धा, पाव, पाऊण. एका पानावर चहाच्या कपाचा गोल डाग, आणि त्या डागालाच डोळे काढून तिनं एक पात्र केलं होतं, ते मी विसरूनच गेलो होतो. चौदा महिन्यांतलं एवढंच उरलंय. मी म्हटलं, फोटो काढू का?

"काढ," ती म्हणाली. "पण कुठे टाकू नकोस हं. आपण सही केलीय."

फोटो फोनमध्ये आहेत. भाचीला दाखवले. ती आता सातवीत आहे, तिला तो खेळ आठवतच नव्हता.