गाडी मागच्या सीटवरून बघा

गेले तीन आठवडे धाकट्या भावाच्या घरी माझ्याशी कुणी धड बोलत नाही. कारण एवढंच, की मी एका गाडीला नापास केलं. नातेवाइकांपैकी निम्म्यांनी फोनवरून त्यांची बाजू ऐकली आहेच, तेव्हा म्हटलं माझी बाजू इथे लिहून ठेवावी. शिवाय हे भांडण आमच्या एका घरापुरतं नाही. निमगाव सावापासून नारायणगावापर्यंत ज्या ज्या घरात जुनी मोठी गाडी घ्यायचं घाटतंय, तिथे थोड्याफार फरकाने हेच होत असणार.

झालं असं. पुतण्याने २०१२ सालची, तीन रांगांची, आठ माणसांची एक जुनी गाडी पसंत केली. (कंपनीचं नाव लिहीत नाही. जो काही दोष होता तो त्या गाडीपेक्षा आम्हा बघणाऱ्यांचा जास्त होता.) मागणी चार लाख साठ हजारांची. त्यातले एक लाख मी माझ्या ठेवीतून द्यायचे असं ठरलेलं. गाडी बघायला आम्ही पाच पुरुष गेलो. बॉनेट उघडलं, पाचही जणांनी आत डोकावलं आणि पाचही जणांनी माना डोलावल्या. कुणी टायरला लाथ मारून बघितली. कुणी दार लावून “आवाज बघा कसा ठप्प येतोय” म्हणालं. नंबर भारी आहे, टेप भारी आहे, रंगाला कुठे धक्का नाही, अशी एकेक प्रशस्तिपत्रकं निघाली. मग पुतण्या आणि एजंट पुढे बसून एक चक्कर मारून आले. संपली परीक्षा!

मी विचारलं, “मागच्या रांगेत कोण बसून आलं?”

पुतण्या हसला. “मागं काय बघायचं तात्या? मागं बाया-पोरं बसतील.”

हा सगळा लेख त्या एका वाक्यासाठी आहे.

आधी एक स्पष्ट करतो. मोठी गाडी नकोच, असं म्हणणारा मी माणूस नाही. आमच्याकडे चहूबाजूंनी ऊस आणि उसात बिबट्या. तिन्हीसांजेनंतर पोरापोरींनी कॉलेजातून, क्लासवरून दुचाकीवर यायचं म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. रात्री-बेरात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ येते. लग्नानंतर जेजुरी असते, आजीचं अष्टविनायक राहिलेलं असतं. नऊ माणसांच्या घराला चारचाकी लागते हे मला कळतं. नवी घ्यायची ऐपत नसेल तर जुनी घ्यावी, त्यातही कमीपणा नाही. मी स्वतःच जुना झालो आहे, जुन्याची निंदा कशाला करू?

आपल्या भागाला अशा गाड्यांचं वेड लागलं त्यालाही इतिहास आहे. १९९४ साली टाटांनी सुमो आणली. सुमंत मुळगावकरांच्या नावाची आद्याक्षरं घेऊन हे नाव केलं, हे माझ्या पिढीला ठाऊक असेल. मग २००० साली क्वालिस आली, २००२ मध्ये स्कॉर्पिओ आणि २००५ मध्ये इनोव्हा. नाशिकला तयार होणारी स्कॉर्पिओ पुणे-नाशिक रस्त्यावर धावताना बघत एक पिढी मोठी झाली. दारात तशी गाडी उभी असणं म्हणजे घर वर आलं, असा हिशेब होऊन बसला. गाडी सगळ्या घरासाठी म्हणून घेतात, पण निवडताना मात्र फक्त पुढच्या दोन सीटांचा विचार होतो. माझं भांडण आहे ते याच्याशी.

आपण इतके बेसावध लोक नाही हो! बेल्ह्याच्या बाजारात कुणी नुसतं शिंगांना लावलेला रंग बघून बैल घेतो का? आधी दात बघतो. दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला आहे. खांदा बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. दोन गुंठे जमीन घ्यायची तरी सातबारा, फेरफार, बोजा, चतुःसीमा, सगळं तपासतो. आणि ज्या डब्यात अख्खं घर बसवून ताशी ऐंशीच्या वेगाने न्यायचं आहे, तो मात्र आपण टायरला लाथ मारून विकत घेतो.

मी त्या दिवशी हट्टाने मागच्या रांगेत बसलो. पाऊण तास बसलो. चढायला मागचं दार, पाय उचलून वर यायचं. सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांना ते काय होतं ते गुडघ्यांनाच ठाऊक. आत दोन बाकं, समोरासमोर, गाडीला आडवी. पट्टा एकही नाही. डोक्यामागे काच. एसीची हवा तिथपर्यंत येतच नाही. आणि आतून दार उघडायला गेलो तर ते उघडेना! बाहेरून कुणीतरी उघडलं तेव्हा मी उतरलो. दुरुस्ती शंभर-दोनशे रुपयांची असेल, वाद नाही. पण ती गाडी वापरणाऱ्या घरात मागच्या दाराची आतली कडी कधी बिघडली हे कुणाला कळलंच नव्हतं, किंवा कळून कुणी मनावर घेतलं नव्हतं. हाच मुद्दा आहे.

आडव्या बाकावर बसलेल्या माणसाचं काय होतं याचा विचार करा. गाडीने करकचून ब्रेक मारला की शरीर गाडीच्या तोंडाकडे फेकलं जातं. सरळ बसलेल्याला निदान पुढच्या सीटची पाठ असते, पट्टा असेल तर पट्टा धरून ठेवतो. आडवा बसलेला कुशीवर फेकला जातो, मान वळते आणि शेजारचा त्याच्या अंगावर येतो. कायदाही इथे गप्प आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ वा नियम मागच्या सीटवरच्यांना पट्टा लावायला सांगतो, पण समोर तोंड असलेल्या सीटवरच्यांनाच. आडव्या बाकावरची आजी त्या नियमात बसतच नाही. म्हणजे दंड होणार नाही. पण ब्रेक काही नियम वाचून लागत नाही.

“मागच्या सीटला काय होतंय?” असं म्हणणाऱ्यांनी ४ सप्टेंबर २०२२ आठवावा. पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, त्यांच्याबरोबर जहांगीर पंडोल गेले. दोघेही मागे बसले होते आणि दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. ती महागडी, एअरबॅगवाली गाडी होती. आपल्या २०१२ च्या गाडीत तर ड्रायव्हरपुढची एअरबॅगसुद्धा गृहीत धरता येत नाही, कारण ती सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या गाडीत ती आहे की नाही हे मॉडेल बघूनच कळतं. २०१६ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आपटून बघितली, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. त्याच वेळी तपासलेल्या चार छोट्या गाड्यांनाही शून्यच. म्हणजे गाडी मोठी आणि उंच आहे म्हणून आतला माणूस सुरक्षित, ही आपली नुसती समजूत.

आता मला एवढं का लागलं, ते सांगतो. घरात हे फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

१९९६ ची गोष्ट. स्कॉलरशिपच्या परीक्षेला मुलं न्यायची होती. मी एक जीप ठरवली. पंधरा मुलं, मी आणि ड्रायव्हर. पुढे मी बसलो, कारण मी गुरुजी! बारकी पोरं मागे कोंबली, “लहान आहेत, दाटीवाटीने मावतील” असं म्हणून. एका गतिरोधकावर जीप उडाली आणि मागचं दार उघडलं. चौथीतली एक मुलगी रस्त्यावर पडली. वेग कमी होता म्हणून हात मोडण्यावर निभावलं. तिची परीक्षा बुडाली. संध्याकाळी तिचे वडील दवाखान्यात आले आणि मला हात जोडून म्हणाले, “गुरुजी, तुम्ही होता म्हणून पोरीला लगेच दवाखान्यात आणलं.” मला वाटलं होतं ते शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. निघण्याआधी त्या दाराची कडी मी एकदा ओढून बघितली नव्हती. मागे जाऊन बसून बघणं तर दूरच.

म्हणून “मागं बाया-पोरं बसतील” हे वाक्य मला सहन होत नाही. ते एकदा मीच बोललो आहे.

पुतण्याची उत्तरं मी प्रामाणिकपणे मांडतो. एक, “सगळेच बसतात.” सगळेच बसतात हे खरं, म्हणून तर लिहितोय. दोन, “आपल्याला लांब कुठं जायचंय?” आमची जीप कुठे लांब गेली होती? तीन, “मी हळू चालवतो.” तू हळू चालवशील बाबा, पण पुणे-नाशिक रस्त्यावर मागून येणारा कंटेनर तुझ्या सांगण्यावरून चालत नाही, आणि मागून धडक बसली तर पहिली भेट कुणाशी? तर मागच्या रांगेशी. चार, “एवढ्या पैशात दुसरी कुठली मिळणार?” हे उत्तर मात्र खरं आहे, आणि त्याला मान द्यायला हवा. म्हणून नुसती टीका न करता माझी परीक्षापद्धती सांगतो.

पहिली गोष्ट, घरातली जी माणसं मागे बसणार ती गाडी बघायला आली पाहिजेत. त्यांनी अर्धा तास मागे बसून, खड्ड्याच्या रस्त्याने फिरून यायचं आणि आतून दार उघडून स्वतः उतरायचं. पट्टे मोजायचे आणि प्रत्येक पट्टा झटका देऊन बघायचा. जितके चालू पट्टे तितकी माणसं. आरसीवर आठ लिहिलं असलं तरी आपल्यासाठी ती गाडी पाचाचीच. आडव्या बाकांऐवजी समोर तोंड असलेली तिसरी रांग काही मॉडेलांत मिळते, ती शोधायची. नाहीच मिळाली तर पाच सीटची चांगली गाडी घ्यावी आणि जेजुरीपुरती दुसरी भाड्याने करावी. भावजयीला मी विचारलं, वर्षात पाचापेक्षा जास्त माणसं मिळून कितीदा जाता? तिने बोटं मोजली, अकरा दिवस निघाले.

दुसरी गोष्ट, इंजिन थंड असताना बघायचं. विकणाऱ्याने आपण येण्याआधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर परत जायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. १८१६ लिहिलं असेल तर तो टायर २०१६ च्या अठराव्या आठवड्यातला. नक्षी कितीही दिसो, रबर म्हातारं झालेलं असतं. मीटरवर साठ हजार किलोमीटर आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, असं दिसलं तर मीटरवर विश्वास ठेवू नका, पेडलवर ठेवा. आणि गाडी खालून बघायला गॅरेजवाला स्वतःचा न्या, एजंटचा नको.

तिसरी गोष्ट कागद. आरसीवर बोजा आहे का, कर्ज फिटलं असेल तर तो उतरवलाय का? गाडी आधी पिवळ्या पाटीची होती का? विमा चालू आहे का? आणि नोंदणीची मुदत! खासगी गाडीची पंधरा वर्षं २०१२ पासून मोजली तर २०२७ ला भरतात. पुढे फिटनेस, पर्यावरण कर आणि पुन्हा नोंदणी. पुन्हा नोंदणीची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेली. हा खर्च किमतीत धरायचा. नुसत्या सह्या केलेल्या टीटी फॉर्मवर गाडी या हातातून त्या हातात देऊ-घेऊ नका. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार खटल्यात सांगितलं, की गाडी किती का हातांतून गेलेली असेना, अपघाताच्या वेळी नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक आणि भरपाई त्याच्यावर. विकणाऱ्यांनी तर हे पाठच करावं.

एवढं केल्यावर मग रंग बघा, टेप ऐका, नंबर आवडला तर त्यालाही दोन गुण द्या. माझी ना नाही.

त्या गाडीचा सौदा मोडला. माझे एक लाख अजून ठेवीतच आहेत आणि ते पुतण्याचेच आहेत, पण अट एवढीच, की मागच्या रांगेत पट्टे हवेत किंवा मागची रांगच नको. भाऊ म्हणतो, मी पोराचा चारचौघांत अपमान केला. केला असेन. त्याबद्दल पुतण्याची इथे सगळ्यांसमोर माफी मागतो. गाडीबद्दल मात्र नाही.

परवा रात्री सूनबाईंचा फोन आला, हळू आवाजात. म्हणाल्या, “तात्या, त्या दिवशी गाडी दारात आणली होती ना, तेव्हा मी पण मागं बसून बघितलं. छोटीला मांडीवर घेऊन. बरं झालं नाही घेतली.” मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात? त्या म्हणाल्या, “मला कुणी विचारलंच नाही.”

रविवारी आळेफाट्याला दुसरी एक गाडी बघायला जायचं आहे. या वेळी भावजय आणि सूनबाई दोघी येणार आहेत. मागे बसायचं, आणि उतरल्यावर तोंडाने बोलायचंही, हे मी दोघींना दोनदा सांगून ठेवलंय.