ही पीडीएफ नेमकी कुणाच्या कपाटात आहे?

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कॉलेजचा कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. ‘कुणाकडे या पुस्तकाची पीडीएफ आहे का रे?’ हा मेसेज हमखास सापडेल. पाच मिनिटांत कुणीतरी लिंक टाकतं, पुस्तक स्क्रीनवर उघडतं, दोन प्रकरणं वाचून होतात. लायब्ररीची पायरीही न चढता काम भागतं. मग सबमिशनच्या रात्री तीच लिंक पुन्हा उघडावी, तर समोर कोरं पान. पुस्तक गेलं कुठे?

पुस्तक कुठे गेलं हे कळायला आधी ते होतं कुठे, हे विचारावं लागतं. ‘डिजिटल लायब्ररी’ असं सरसकट म्हणतो खरं, पण काही ठिकाणी फक्त पुस्तकांची यादी असते, काही ठिकाणी ठरावीक मुदतीची वाचायची परवानगी, आणि खरोखर पुस्तक सांभाळून ठेवणारी ठिकाणं त्या मानाने थोडी.

आयआयटी खरगपूरने उभारलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया घ्या. 19 जून 2018 रोजी ती देशाला अर्पण झाली. तिथे कोट्यवधी नोंदी दिसतात, पण त्यातली बहुतेक पुस्तकं तिच्याकडे नाहीत. तिच्याकडे आहे पुस्तकाची माहिती: नाव, लेखक, भाषा, विषय, आणि मूळ फाइल कुठल्या संस्थेच्या सर्व्हरवर आहे याचा पत्ता. जुन्या लायब्ररीतल्या कार्डांच्या ड्रॉवरचंच हे अवाढव्य रूप म्हणा ना. मूळ संस्थेची साइट बंद पडली की कार्ड राहतं, पुस्तक मिळत नाही.

परवानगीचं सध्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 जर्नल्स, आणि 6,300 हून अधिक सरकारी संस्थांमधल्या सुमारे 1.8 कोटी विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधकांना ती वाचायची सोय. पूर्वी अनेक विद्यापीठं आपापली वर्गणी भरायची. ज्याच्याकडे पैसे, त्याच्याकडे जर्नल. गडचिरोलीच्या विद्यापीठातला मुलगा आणि आयआयटी मुंबईतली मुलगी एकच पेपर त्याच दिवशी वाचू शकणार असतील, तर त्याचं कौतुक करायलाच हवं.

पण दोन गोष्टी बघा. पहिली, योजना सुरू झाली ती सरकारी संस्थांपासून. महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी कॉलेजांतून किती जण शिकतात, हे तुम्हाला सांगायला नको. इंजिनीअरिंगच्या लाखभर रुपये फी भरणाऱ्या मुलाला पेपरच्या पानावर ‘विकत घ्या’ची पाटी दिसते, तेव्हा ‘वन नेशन’मधल्या नेशनमध्ये आपण बसतो का, असा प्रश्न त्याला पडणारच. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. छापील जर्नलची वर्गणी थांबवली, तरी जुने अंक कपाटात राहतात. डिजिटल वर्गणीत, करारात कायमच्या हक्काचं कलम नसेल, तर मुदत संपली की जुने अंकही बंद. म्हणजे हे पुस्तक विकत घेणं नव्हे, भाड्याच्या खोलीत राहणं झालं.

मग सांभाळून ठेवणाऱ्यांचं काय? अमेरिकेतल्या इंटरनेट आर्काइव्हने यावर एक तोडगा काढला होता. छापील प्रत आपल्याकडे ठेवायची, तिचं स्कॅनिंग करायचं, आणि एका प्रतीमागे एका वेळी एकाच वाचकाला ती उसनी द्यायची. मार्च 2020 मध्ये, लॉकडाउनच्या काळात, त्यांनी ही एकाची मर्यादा काही आठवडे उठवली. जूनमध्ये चार मोठ्या प्रकाशकांनी कोर्टात खेचलं. सप्टेंबर 2024 मध्ये अपिलातही आर्काइव्ह हरलं. पाच लाखांहून जास्त पुस्तकं उसनी देणं थांबलं. पुढच्याच महिन्यात सायबर हल्ल्याने साइट कित्येक दिवस आडवी झाली. एकाच कपाटात सगळं ठेवलं की असंही होतं.

यात आपलं काय अडकलंय? बरंच. आपल्याकडे बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पुढाकाराने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ सुरू झाली होती. तिथे मराठीसह अनेक भारतीय भाषांतली लाखो जुनी पुस्तकं स्कॅन झाली. नंतर ती साइटच बंद पडली. आज त्यातली पुस्तकं मिळतात, कारण काही मंडळींनी प्रती उतरवून इंटरनेट आर्काइव्हवर चढवल्या होत्या. थोडक्यात, आपल्या पैशाने स्कॅन झालेलं मराठी पुस्तक आपण परदेशातल्या सर्व्हरवरून वाचतोय.

तेही सापडलं तर! ते शोधताना डोकं चालवावं लागतं. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यातली अक्षरं संगणकाला ओळखता आली, तरच आत शोधता येतं. जुन्या छपाईतली जोडाक्षरं आणि फिकट शाई असली की हे सॉफ्टवेअर गांगरतं. शिवाय मराठी नावं रोमन लिपीत वाट्टेल तशी लिहिलेली असतात. ‘ज्ञानेश्वरी’चं स्पेलिंगच बघा. म्हणून देवनागरीत शोधा, मग दोन-तीन रोमन स्पेलिंगं करून बघा. जुनी वर्तमानपत्रं, नियतकालिकं हवी असतील, तर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ‘ग्रंथसंजीवनी’ पोर्टल आहे.

आणि ग्रुपवरची पीडीएफ? आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरची 60 वर्षं कॉपीराइट असतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ 2011 पासून सगळ्यांची झाली. ती बिनधास्त फॉरवर्ड करा. व. पु. काळे गेले 2001 मध्ये. त्यांची पुस्तकं 2062 उजाडेपर्यंत मोकळी होणार नाहीत. फिरतात मात्र सगळीकडे, हे मलाही माहीत आहे.

लायब्ररीत गेलात की एकदा ग्रंथपालांना विचारा: आपलं कॉलेज त्या सबस्क्रिप्शनमध्ये आहे का? घरून वाचायचं लॉगिन कसं मिळतं? वर्गणी थांबली तर जुने अंक उघडतील का? तिसऱ्या प्रश्नावर ते बहुधा चष्मा काढून तुमच्याकडे बघतील. उत्तर मिळेपर्यंत हलू नका.