विश्लेषण : मदत आहे, मोकळीक नाही! ब्रिटनमध्ये दिव्यांगांचा रेल्वेप्रवास आजही बेभरवशाचा का?

पॅरालिम्पिकमध्ये ११ सुवर्णपदके जिंकलेल्या आणि ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्य असलेल्या टॅनी ग्रे-थॉम्पसन ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस पॅरालिम्पिकसाठी निघाल्या होत्या. ठरलेली गाडी चुकल्याने त्या लीड्सहून पुढच्या गाडीत बसल्या. चढताना मदत मिळाली, पण लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात रॅम्प घेऊन कोणी आलेच नाही. अखेर व्हीलचेअर सोडून त्यांना सरपटत फलाटावर उतरावे लागले. रेल्वे कंपनीने नंतर माफी मागितली. इतक्या परिचित व्यक्तीची ही गत, तर परक्या देशातून आलेल्या दिव्यांग पर्यटकाचे काय?

सहाय्य सेवा कशी मिळते?

ब्रिटनमध्ये ‘पॅसेंजर असिस्ट’ ही मोफत सेवा आहे. अ‍ॅपवरून किंवा फोनवरून नोंदणी करता येते. पूर्वी २४ तास आधी कळवावे लागे. एप्रिल २०२२ पासून दोन तास पुरतात. न कळवता आलेल्या प्रवाशालाही शक्य ती मदत करणे अपेक्षित आहे. स्थानक व्हीलचेअरसाठी सोयीचे नसेल, तर रेल्वे कंपनी जादा पैसे न घेता टॅक्सीसारखी पर्यायी सोय करते. या सेवेला नागरिकत्वाची अट नाही.

परदेशी प्रवाशांना भाडेसवलत मिळते?

दिव्यांगांच्या रेलकार्डावर स्वतःच्या आणि सोबत्याच्या तिकिटात एक तृतीयांश सवलत मिळते. मात्र त्यासाठी लागणारी कागदपत्रे प्रामुख्याने ब्रिटनमधील भत्ते आणि नोंदींशी जोडलेली आहेत; भारतातील ‘यूडीआयडी’ कार्ड त्या यादीत नाही. व्हीलचेअरवर बसूनच प्रवास करणाऱ्यांना काही तिकिटांवर रेलकार्डाविनाही सवलत असते.

मग घोडे कुठे अडते?

सारी व्यवस्था निरोपावर चालते. चढवून देणाऱ्याने उतरण्याच्या स्थानकाला कळवायचे, तिथल्या कर्मचाऱ्याने रॅम्प घेऊन वेळेत पोहोचायचे. गाडी बदलली, फलाट बदलला, रात्री कर्मचारी कमी असले, की साखळी तुटते. स्थानिकाला निदान कोणाला फोन करायचा हे ठाऊक असते. पर्यटकाला तेही नसते.

मुळात रॅम्प लागतो, कारण फलाट आणि डब्याचा तळ एका पातळीत नाहीत. ब्रिटनमध्ये फलाटाची प्रमाण उंची ९१५ मिलिमीटर आहे. बहुतेक डब्यांचा तळ त्याहून वर असतो. १ जानेवारी २०२० पर्यंत गाड्यांमध्ये व्हीलचेअरसाठी जागा, सोयीचे स्वच्छतागृह, उद्घोषणा असे बदल करण्याची मुदत होती. पण हे नियम रॅम्पवर समाधान मानतात. त्यामुळे आत सगळ्या सोयी आणि दारात प्रतीक्षा, असा प्रकार होतो.

पर्याय आहे का?

आहे, आणि तो ब्रिटनमध्येच आहे. लिव्हरपूल परिसरातील मर्सीरेलच्या नव्या गाड्यांतून सरकती पायरी बाहेर येऊन फट भरून काढते. पूर्व इंग्लंडमध्येही कमी उंचीच्या गाड्या धावतात. लंडनच्या एलिझाबेथ लाइनची सर्व स्थानके रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्यांविना गाठता येतात. मध्य लंडनच्या भुयारी स्थानकांत आणि हीथ्रो विमानतळावर तर व्हीलचेअर थेट डब्यात जाते.

जुनी, वळणावरची स्थानके बदलणे खर्चिक आहे, हा आक्षेप खराच. पण एकदा घेतलेली गाडी तीसेक वर्षे धावते. आज उंच तळाची गाडी घेणे म्हणजे तितकी वर्षे रॅम्पची वाट पाहायला लावणे. समपातळीचा फायदा ज्येष्ठांना, बाळाची गाडी ढकलणाऱ्या पालकांना आणि जड बॅगा ओढणाऱ्या पर्यटकांनाही होतो. कर्मचाऱ्यांची मदत अंध प्रवाशांसह अनेकांना तरीही लागेल, ती हवीच. पण गाडीतून उतरण्याची साधी गोष्ट कोणाच्या तरी आठवणीवर अवलंबून असू नये. सुगमता मोजायची तर किती जणांना मदत दिली यापेक्षा किती जणांना ती मागावीच लागली नाही, हे पाहायला हवे.