'फॉरमॅट मारला' म्हणजे पुसलं नाही, साहेब!

मागच्या महिन्यात पोराला उघडून दाखवायला भंगारातून जुना कॉम्प्युटर घेतला. एका पतसंस्थेने लिलावात काढलेला. नाव सांगत नाही. हार्ड डिस्क माझ्या मशीनला जोडली, रिकामी दिसली. फुकटातलं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं आणि तासाभरात आधार कार्डं, सातबारे, जामीनदारांच्या सह्या समोर! डिस्क पुसून टाकली आणि संस्थेत सांगायला गेलो. उत्तर काय? "आम्ही फॉरमॅट मारूनच दिला होता."

इथंच तर घोळ आहे. डिस्कला 'फाइल' कळतच नाही. तिच्याकडे असतात फक्त नंबर टाकलेले ब्लॉक. कुठली फाइल कुठल्या ब्लॉकांत आहे, ही नोंद ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी ठेवते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये त्या दप्तराला मास्टर फाइल टेबल म्हणतात. फाइल डिलीट केली की नोंदीवर 'जागा मोकळी' एवढाच शेरा पडतो. क्विक फॉरमॅट म्हणजे कोरं दप्तर. पण सातबारा फाडला म्हणून शेतातलं पीक जातं का? त्या ब्लॉकांवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथंच. रिकव्हरी सॉफ्टवेअर दप्तर न बघता थेट शेतात उतरतं.

हे काही नवीन नाही. एमआयटीच्या गारफिंकेल आणि शेलाट यांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या; तो अभ्यास २००३ साली छापून आला. चालणाऱ्या १२९ पैकी नीट पुसलेल्या फक्त १२!

वीस वर्षं उलटून गेली, आपण अजून 'फॉरमॅट मारला'वरच. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संमत झाला, पण लिलावाच्या फायलीत डिस्कबद्दल एक ओळ नाही. खर्चाचं कारण तर सांगूच नका. विंडोजमध्ये 'क्विक' समोरची टिक काढून पूर्ण फॉरमॅट केला की हार्ड डिस्कच्या त्या भागावर शून्यं लिहिली जातात. वेळ लागतो, पैसा नाही. डिस्क बंद पडलेली असेल तर ड्रिल मारा. एसएसडी असेल तर कंपनीचं पुसायचं सॉफ्टवेअर वापरा.

मंडळी, कर्जासाठी कागद आपण दिलेत. येत्या वार्षिक सभेत उभं राहून एकच विचारा : जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्क कुणी पुसल्या, कधी, आणि सही कुणाची?

लाडू-चिवडा खाऊन गप्प घरी येऊ नका.