खिरोदा-पालचा रस्ता अरुंदच राहू द्या

मा. जिल्हाधिकारी, जळगाव
मा. कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग
मा. उपवनसंरक्षक, यावल वनविभाग
मा. प्रांताधिकारी, फैजपूर
यांस,

रस्ता रुंद करून द्या, अशी निवेदनं आपल्या टेबलावर रोज येत असतील. हे पत्र उलट मागणीचं आहे. फैजपूर, सावदा, खिरोदा या बाजूने सातपुड्यात चढणारे आणि डोंगराच्या पायथ्याने गावोगाव जाणारे जे लहान रस्ते आहेत, ते आहेत तेवढेच ठेवा. दुरुस्त ठेवा, सावलीत ठेवा, पण रुंद करू नका. आम्ही सायकलवर फिरणारी माणसं आहोत आणि या भागात सायकल चालवण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही.

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गाबद्दल आपल्याला नव्याने सांगायची गरज नाही. सावदा, फैजपूर, यावल, चोपडा अशी गावं ओवत जाणारा हा रस्ता ट्रकांचा आहे. केळीची कापणी जोरात असली की भरलेल्या गाड्या रात्रंदिवस धावतात, आणि त्यांनी धावायलाच हवं. माल पिकायच्या आत पोचला नाही तर शेतकऱ्याचा हंगाम जातो. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण डांबराच्या कडेला साइडपट्टी वीतभर खाली गेलेली असते. मागून हॉर्न आला की सायकलवाल्याने त्या खड्ड्यात उतरायचं, एवढाच पर्याय राहतो. आमच्यातल्या एकाचा खांदा असाच निखळला. या रस्त्याच्या रुंदीकरणाला आमचा विरोध नाही. फक्त साइडपट्टी डांबराच्या पातळीला भरून घ्या आणि जुने निंब तोडण्याआधी दोनदा विचार करा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा पायी आणि सायकलवर जाणाऱ्याला तेवढाच आधार असतो.

आता लहान रस्त्यांकडे येतो.

फैजपूरहून उत्तरेला निघालं की सुरुवातीला काळी जमीन आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. रस्ता सपाट वाटतो, पण पाय सांगतात की चढ सुरू झालाय. मग मातीचा रंग उतरतो, बांधावर गोटे दिसायला लागतात. भूजलाची माणसं याला बझाडा पट्टा म्हणतात. सुकी, मोर यांसारख्या नद्यांनी डोंगरातून आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा हा पायथा. नद्यांचं पाणी इथे जमिनीत मुरतं आणि खाली बागायतदारांच्या विहिरींना मिळतं. म्हणून हिवाळा सरता सरता फरशीवरून नदी ओलांडताना खाली नुसते गोटे असतात, आणि दोन-चार कोसांवर केळी हिरवीगार असते. मोटारीतून हा पट्टा दहा मिनिटांत संपतो. सायकलवर तो अख्खी सकाळ घेतो, आणि खानदेशाची शेती कशावर उभी आहे हे वाचून नव्हे, तर मांड्यांनी समजतं.

खिरोद्याच्या पुढे घाट लागतो. साग, सालई, अंजन, धावडा. फेब्रुवारीत पळस पेटलेला असतो, मार्चमध्ये मोहाखाली भल्या पहाटे टोपल्या घेऊन बायका आणि पोरं बसलेली दिसतात. वळणावर थांबलो की सायकलच्या फ्रीव्हीलची कटकट बंद होते आणि दरीतून बैलाच्या घंटेचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, कुठल्या उतारावर बैल आहे तेही कळतं. दिवसाचे बरेच तास इथे एस.टी., काळी-पिवळी आणि मोजक्या मोटारसायकली सोडल्या तर कुणी नसतं. वर पाल, पलीकडे यावल अभयारण्य, आणखी पुढे राज्याची हद्द ओलांडून खरगोन जिल्ह्यातलं सिरवेल महादेव.

हे जंगल आपल्या हाती आहे म्हणून एक आठवण करून देतो. रानपिंगळा हे दिवसा वावरणारं छोटं घुबड 1884 नंतर कुणी पाहिलं नव्हतं, नामशेष झालं असंच समजत होते. 1997 साली ते शहाद्याजवळ, याच सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडलं. यावलच्या जंगलातही त्याची नोंद झालेली आहे. दिवसा शिकार करणाऱ्या पाखराच्या शेजारून रस्ता जातो, तेव्हा त्या रस्त्यावर किती इंजिनं आणि किती वेगाने जातील हा प्रश्न बांधकामाइतकाच वनखात्याचाही आहे. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो. मग गतिरोधक घालावे लागतात, मग वळणं कापायची मागणी येते. शेवटी पावसाळ्यातल्या रविवारी गाडीत मोठ्याने गाणी लावून येणाऱ्यांची रांग लागते. हे इतर घाटांत आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

शांत रस्त्यावर काही करायचंच नाही, असंही नाही. फ्रान्समध्ये पिरेनीज आणि इतर डोंगरांतल्या अनेक खिंडींच्या रस्त्यांवर दर किलोमीटरला सायकलवाल्यांसाठी पाटी असते. माथा किती दूर आहे आणि पुढच्या किलोमीटरला सरासरी किती टक्के चढ आहे, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. आपल्या घाटात याची गरज तिथल्यापेक्षा जास्त आहे. त्यांच्याकडे गिअर आहेत; आपल्याकडे गावातल्या बहुतेक सायकली बिनगिअरच्या. चढ कडक झाला की उतरून ढकलायचं, हे आधी कळलं तर माणूस दम राखून चालवतो आणि बाटलीतलं पाणीही जपून वापरतो. मैलाचे दगड तर आहेतच. राष्ट्रीय महामार्गावर पिवळ्या डोक्याचे, राज्य मार्गावर हिरव्या, ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर नारंगी. आम्ही मित्रांना रस्ता सांगताना 'नारंगी दगड सोडू नको' असं सांगतो, कारण त्या रस्त्यांवर ट्रक कमी असतात. त्याच दगडांवर चढाचा आकडा आणि पुढचा हातपंप किती दूर आहे हे रंगवून घेतलं, तर खर्च रंगाच्या डब्याचा आहे.

न्हावी, मारूळ, हिंगोणा, डोंगरकठोरा या बाजूचे गावरस्ते एकमेकांना नीट जोडून, फाट्याफाट्यांवर बाण लावून पायथ्याचा एक सलग सायकलमार्ग दाखवता येईल. तो मनुदेवीच्या मंदिरापर्यंत नेता येईल, पुढे चोपडा, शिरपूर, शहादा करत तोरणमाळच्या पठारापर्यंतही. तिथला सात पायरीचा घाट, यशवंत तलाव आणि सीताखाईची दरी पाहायला आज माणसं मोटारीने धावतपळत जातात. सातपुड्याच्या कुशीतून काही दिवस सायकल चालवत तिथे पोचणं हा वेगळाच प्रवास होईल. यासाठी नवं डांबर लागत नाही. तुटलेल्या मोऱ्या बांधायच्या, बाजूची बाभूळ छाटायची आणि डंपरना या रस्त्यांवर बंदी घालायची. वाळूचा एक डंपर गावरस्त्याची वर्षाची डागडुजी एका रात्रीत उखडतो, हे आपल्या अभियंत्यांना आमच्याहून चांगलं माहीत आहे.

ही मागणी बाहेरून येणाऱ्या हौशी माणसांपुरती नाही. याच रस्त्यांवर सकाळी शाळेत जाणाऱ्या मुली असतात. राज्यातल्या अनेक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. सायकल दिली आणि रस्ता डंपरला दिला, तर ती योजना अर्धीच राहते. बागेत कामाला जाणारा मजूर, दुधाचे कॅन लावून जाणारा म्हातारा, हे सगळे सायकलवाले आहेत. पर्यटनाच्या नावाने त्यांचा रस्ता सुरक्षित झाला, तर आम्हाला दुप्पट आनंद होईल.

आणि डोंगरावरच्या लोकांना यातून काही मिळालं पाहिजे. पावरा आणि तडवी वस्त्यांमध्ये रात्री मुक्कामाची सोय झाली, बचत गटाच्या बायकांनी कळण्याची भाकर, ठेचा आणि भरीत करून दिलं, तर सायकलवाला पैसे तिथेच खर्च करतो. तो सकाळी भुकेला असतो, संध्याकाळी त्याहून जास्त. मोटारवाला सकाळी येऊन दुपारी परत गावी जातो. मात्र ठेका गावाबाहेरच्या कुणाला देऊ नका, आणि आदिवासींच्या होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराचा पाहुण्यांसाठी तमाशा करू नका. ग्रामसभेला विचारूनच काय ते ठरवा. अंधार पडल्यावर अभयारण्यातून सायकल जाऊ नये, हा नियम कडक ठेवा, आम्ही पाळू. बिबट्याचा रस्ता रात्री बिबट्याचाच असायला हवा.

1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन या फैजपुरात भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथली सजावट गावाकडच्या साध्या साहित्यातून उभी केली होती. खेड्याकडे जे आहे त्यातूनच देखणं काही घडवता येतं, हे या गावाने देशाला एकदा दाखवलं आहे. आमचं मागणंही त्याच जातीचं आहे.

जिल्हा नियोजन समितीसमोर पुढच्या वर्षाच्या रस्त्यांची यादी जाईल, तेव्हा खिरोदा-पाल घाट रुंदीकरणाच्या रकान्यात न घालता देखभालीच्या रकान्यात घालावा. पायथ्याच्या गावरस्त्यांवर डंपरबंदीचा आदेश दिवाळीआधी निघावा, कारण सायकलचा हंगाम तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंतच असतो. चढाच्या पाट्यांसाठी घाटाची मोजणी आम्ही स्वतः करून, नकाशासह प्रांत कार्यालयात आणून देतो. आपण फक्त तारीख कळवावी.

आपले,
फैजपूर परिसरातले सायकलस्वार