कावळ्याच्या घरचा कोकीळ

अलिबाग-पेणकडे चैत्रात आमराईतून 'कुहू' ऐकू आलं की माणसं खूष होत. इथे सिंगापुरात तोच कोकीळ पहाटे पाचला उंच इमारतींमधल्या झाडावर सुरू होतो, आणि लोक झोपमोड झाली म्हणून सरकारकडे तक्रार करतात!

पूर्वी तो इथे थोडे महिने पाहुणा येई. कायमचा राहिला तो कावळ्यामुळे. हा कावळाही आपल्याकडचाच, राखाडी मानेचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मलायातल्या कॉफीच्या मळ्यांतले सुरवंट खायला म्हणून त्याला सिलोनहून क्लांग बंदरात आणला, आणि पसरत पसरत तो सिंगापुरात पोचला.

गातो तो काळा नर, बरं का. ठिपकेवाली कोकिळा नुसती किक्-किक् करते आणि कावळ्याच्या घरट्यात गुपचूप अंडं टाकून जाते. तिचं पिल्लू बहुधा कावळ्याच्या पिल्लांच्या आधी बाहेर येतं आणि चोच उघडतं. आतला लाल जबडा दिसला की कावळा-कावळीण त्यात घास घालतात. पोर कोणाचं, हे बघत बसत नाहीत.

म्हणून कावळा मूर्ख, असं सगळे म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. लाल जबडा ही खूण आहे. ती दिसली की भरवायचं, हे तो जन्मतःच घेऊन येतो. त्याची स्वतःची पिल्लंही त्यावरच जगतात. लोरेन्ट्स आणि टिनबर्गन या शास्त्रज्ञांनी 1938 साली रानहंसिणीचं असंच लिहिलं. अंडं घरट्याबाहेर दिसलं की ती मान लांब करून चोचीने आत ओढते. मध्येच अंडं काढून घेतलं, तरी रिकामी चोच तशीच ओढत आणते!

आता मुलांचा प्रश्न: कावळ्याकडे वाढलेला कोकीळ काव-काव का करत नाही? कारण त्याची हाक त्याला कोणी शिकवावी लागत नाही, उपजतच असते. दयाळ पक्ष्याचं तसं नाही, त्याचं पिल्लू मोठ्यांचं गाणं ऐकून शिकतं. माणसाचं पोरही त्यातलंच. आजोबा कितीही कोकणातले असोत, घरात मराठी कानावर पडली नाही तर नातवाला ती येणार कुठून?

2000 नंतरच्या वर्षांत सरकारने बंदुकीने टिपून इथले कावळे पुष्कळ कमी केले. कोकीळ मात्र अजून पहाटे हजर असतो. पुढच्या अंकात इथल्या पाणमांजरांविषयी.