गोठ्याचा उतार, संगणकावरचा

मंडळी, सुगी आटोपली की गावोगाव बांधकामे निघतात. कोणाचे जोते, कोणाचे शेड, कोणाचा गोठा. पूर्वी गवंडी काठीने मातीत चार रेघा मारून दाखवायचा आणि काम सुरू व्हायचे. आता घरातली शिकलेली पोर म्हणते, "थांबा बाबा, आधी संगणकावर काढून बघू." काढू द्या तिला. पडद्यावरची चूक एका बोटाने पुसली जाते. सिमेंटमधली काढायला छिन्नी-हातोडा लागतो.

गोठ्याच्या चित्रात पोरांची गाडी अडते ती जमिनीपाशी. भिंत उभी, छप्पर तिरपे, हे त्यांना जमते. पण जमीन काढताना संगणक सपाट फळीच काढून देतो. गोठ्याची जमीन सपाट असून भागत नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको. मूत साचले की खूर कुजतात, कासेचे दुखणे मागे लागते आणि माश्या होतात त्या वेगळ्याच. म्हणून गव्हाणीकडून नालीकडे उतार हवा. तो साधारण चाळीस फुटांना एक फूट ते साठ फुटांना एक फूट, या दोहोंच्या मधला धरतात. जास्त उतार म्हणजे जास्त स्वच्छता, असे काहींना वाटते. ते खरे नाही. फार उतारावर जनावर घसरते, आणि शेवटच्या महिन्यांतल्या गाभण गाईचा सगळा भार मागे पडून अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो.

आता आपण एक हिशेब धरू. जनावरे एका ओळीत उभी. जागा तीस फूट लांब, सहा फूट रुंद. गव्हाणीपासून नालीपर्यंत सहा फुटांत दीड इंच उतार, म्हणजे अठ्ठेचाळीसास एक. शिवाय पाणी खड्ड्याकडे वाहावे म्हणून लांबीतही तीन इंच उतार. कोबा सगळीकडे चार इंच जाड.

स्केचअप नावाचा एक कार्यक्रम आहे. तो 2000 साली अमेरिकेत निघाला, आणि घरगुती वापरापुरती त्याची विनामूल्य आवृत्ती इंटरनेटवर चालते. नवख्याला तो लवकर वळतो. त्यात आधी चौकोनाचे साधन घेऊन तीस फूट बाय सहा फुटांची जागा काढायची. मग ओढ-ढकल करण्याच्या साधनाने ती चार इंच वर ओढायची. झाली सपाट लादी.

इथे बहुतेक जण वरची एक कड धरून उचलतात. उतार तर होतो, पण लादीचा तळ सपाटच राहतो. म्हणजे एका कोपऱ्यात जाडी चार इंच आणि समोरच्या कोपऱ्यात साडेआठ! 180 चौरस फुटांत सरासरी सव्वासहा इंच धरले तर काँक्रीट जवळजवळ 94 घनफूट होते. तेच सगळीकडे चार इंच ठेवले तर 60 घनफूट पुरते. चित्रावरून सिमेंटचा हिशेब काढलात तर वरचे 34 घनफूट तुमच्याच खिशातून जातील. उतार खालच्या मुरमाला द्यायचा असतो, कोब्याने नुसते त्याच्यावर अंग टाकायचे.

म्हणून कड उचलू नका, लादीची अख्खी उभी बाजू उचला. गव्हाणीकडची लांब बाजू निवडा, हलवण्याचे साधन घ्या, निळ्या रेषेच्या दिशेने वर न्या (या कार्यक्रमात निळी रेषा म्हणजे उभी उंची), दीड इंच हा आकडा टाइप करून एंटर दाबा. वरचा भाग आणि तळ दोन्ही बरोबर उतरते होतात. मग खड्ड्यापासून लांबची आखूड बाजू निवडून तशीच तीन इंच वर न्या. दोन्हीकडचा उतार दोन हालचालींत आला.

एकच कोपरा धरून उचलायचा मोह मात्र टाळा. तीन दगडांची चूल कधी डुगडुगत नाही, आणि चार पायांची बाज मात्र एक पाय आखूड असला की डुगडुगते. जमिनीचेही तसेच आहे. तीन कोपऱ्यांची उंची तुम्ही ठरवली की चौथ्याची आपोआप ठरते. ती मनाने बदललीत तर जमीन पिळते आणि संगणक त्या चौकोनाला मधून तिरकी घडी घालतो. ताळा सोपा आहे. समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या उंचीची बेरीज सारखी यायला हवी. आपल्या गोठ्यात वरच्या अंगाने चार कोपरे 4, साडेपाच, 7 आणि साडेआठ इंच. चार आणि साडेआठ मिळून साडेबारा. साडेपाच आणि सात मिळूनही साडेबारा. पोरगी चित्र काढत असताना आजोबांनी ही बेरीज तोंडी करून पाहावी.

इंजिनिअरकडे दुसरे कार्यक्रम असतात. रेव्हिटमध्ये जमिनीवर उताराचा बाण काढून त्याच्या शेपटीची आणि टोकाची उंची सांगतात. आर्किकॅडमध्ये लादीचे साधन सपाट कामासाठी असल्याने उतरत्या जमिनीला पुष्कळ जण छपराचे साधन वापरतात. तेव्हा सामानाच्या यादीत जमिनीच्या जागी छप्पर लिहिलेले दिसले तर घाबरू नका, पण विचारून मात्र घ्या.

विचारायची आणखी एक गोष्ट. "उतार दोन ठेवलाय" असे कोणी म्हणाले तर दोन काय? दोन टक्के असतील तर सहा फुटांत दीड इंचाला किंचित कमी, म्हणजे आपल्याला हवा तेवढाच उतार. दोन अंश असतील तर अडीच इंच. आकडा तोच, पण गाभण गाईला नकोसा होणारा उतार. आणि पडद्यावर पाहून यातले काहीही कळत नाही! तीस फुटांच्या चित्रात एक इंचाचा फरक डोळ्याला दिसणार कसा? म्हणून चित्राच्या चारही कोपऱ्यांवर उंचीचे आकडे इंचांत लिहून घ्या, आणि लांबीचा उतार कोणत्या टोकाकडे आहे तो बाण काढून घ्या.

हे सगळे ठरवताना गोठा रोज कोण झाडते, तेही बघा. बहुतेक घरी ते काम बायांकडे असते. पाणी कुठे तुंबते, शेण कोणत्या बाजूने ओढायला सोपे जाते, हे त्यांच्याइतके इंजिनिअरला ठाऊक नसते. खड्डा कोणत्या टोकाला घ्यायचा हे त्यांच्या सांगण्यावरून ठरले तर बरे.

मग तो कागद गवंड्याच्या हातात द्या. त्याला संगणक कळायची गरज नाही. चार कोपऱ्यांत चार खुंट्या ठोकून, पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने समपातळी घेऊन, त्याने चार आकड्यांप्रमाणे खुणा कराव्यात. खुणा झाल्या की समोरासमोरच्या खुंट्यांना खुणेवर दोन दोऱ्या ताणून बांधा. दोन्ही दोऱ्या मध्यभागी एकमेकींना जेमतेम टेकल्या तर जमीन सरळ उतरती आहे. मध्ये बोटभर फट राहिली किंवा एक दोरी दुसरीला दाबू लागली, तर कोणता तरी कोपरा चुकला आहे. मुरूम पसरण्याआधी तो शोधा.